जीपगाडी की पिकअप? वाहन घेण्यापूर्वी करावयाचा विचार

सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सुरू झाली, आणि गटविकास अधिकाऱ्यांची जीप कित्येक खेड्यांच्या ओळखीची झाली. जेथे बैलगाडी कष्टाने पोहोचे, तेथे ही जीप पोहोचत असे. त्या काळी अशी गाडी स्वतःच्या दारी असावी असा विचारही सामान्य शेतकऱ्याच्या मनात येत नव्हता. आज परिस्थिती पालटली आहे. द्राक्षे, डाळिंब, भाजीपाला, दूध यांचे उत्पादन घेणारा मध्यम शेतकरीसुद्धा कर्ज काढून चारचाकी वाहन घेतो, आणि पुष्कळदा ते वाहन म्हणजे ट्रॅक्टरनंतर त्याच्या घरातील सर्वांत मोठी खरेदी असते. असे असूनही बियाण्याची पिशवी घेताना जितकी चौकशी केली जाते, तितकीही वाहन घेताना होत नाही, असे आढळून येते. गाडीचा रंग, शेजाऱ्याने घेतलेली गाडी आणि विक्रेत्याने सांगितलेला मासिक हप्ता एवढ्यावरच निर्णय होतो.

हा निर्णय मुख्यतः दोन प्रकारांच्या गाड्यांमध्ये करावा लागतो. पहिला प्रकार जीपच्या वंशातील बंद गाड्यांचा. त्यांस हल्ली एसयूव्ही म्हणतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, गुरखा ही त्यांतील परिचित नावे होत. दुसरा प्रकार मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपचा. बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा या साध्या, कामाच्या पिकअप आहेत, तर इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स या दोन ओळी आसनांच्या उंची पिकअप आहेत. दोन्ही प्रकारांची जाहिरात डोंगर, चिखल आणि नदीनाले ओलांडतानाच्या चित्रांनी केली जाते. त्यामुळे ती सारखीच कामे करतात असा समज होतो. वास्तविक त्यांची घडण वेगळी, कागदपत्रे वेगळी आणि धोकेही वेगळे आहेत.

प्रथम वर्षभराची नोंद

गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे शेतकरी सल्ला मागावयास आला, तर त्यांनी गाड्यांच्या नावांपासून सुरुवात करू नये. एक वही घेऊन मागील बारा महिन्यांत काय वाहून नेले, कोठे नेले आणि बरोबर किती माणसे होती, हे महिन्यावार लिहून काढण्यास सांगावे. बाजाराच्या पट्ट्या आणि दूध संस्थेचे खातेपुस्तक समोर असले म्हणजे आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही. रस्त्याचीही नोंद करावी. घरापासून डांबरी सडकेपर्यंतची पाणंद किती लांब आहे, ती पावसाळ्यात किती दिवस बंद असते, वाटेत ओढा किंवा फरशी पूल आहे काय, हे त्यात असावे.

अशी नोंद केल्यावर पुष्कळांच्या लक्षात एक गोष्ट येते. ज्या चिखलासाठी म्हणून महागडी गाडी घ्यावयाची असे ठरले होते, तो चिखल वर्षातून पंधरा-वीस दिवसांचा असतो, आणि त्या दिवसांत माल काढणीस आलेलाच नसतो. उलटपक्षी ज्या पाणंदीतून भर पावसाळ्यात रोज दुधाचे कॅन बाहेर काढावे लागतात, तेथे हा प्रश्न खरोखरच निकडीचा असतो.

वजनाचे गणित

पिकअपच्या नावापुढे १.३ टन, १.७ टन असे आकडे असतात. २०२२ साली आलेल्या योद्धा २.० या गाडीची भारक्षमता २ टन सांगितली आहे. हे आकडे समजून घेण्याचा साधा नियम असा: नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे रिकामे वजन आणि एकूण अनुज्ञेय वजन दिलेले असते. दुसऱ्यातून पहिले वजा केले की उरेल तेवढाच भार गाडीत घालता येतो. चालक, त्याच्या शेजारी बसणारे, ताडपत्री, दोर आणि मागाहून बसविलेली लोखंडी जाळी यांचे वजनही त्यातच मोजावे.

उदाहरण घेऊ. निफाडकडील शेतकरी पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो नेतो. एका क्रेटमध्ये २० किलो माल आणि क्रेटचे वजन सुमारे २ किलो धरले, तर ६५ क्रेटचे १,४३० किलो झाले. दोन माणसांचे १३० किलो मिळविले तर १,५६० किलो. म्हणजे १.३ टनांच्या गाडीत हा भार बसत नाही, जरी तो हौद्यात सहज रचता आला तरी. हौद्याचे आकारमान आणि गाडीची भारक्षमता या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवून ठेवावा लागतो. नाशवंत मालाच्या बाबतीत ही दुसरी शिक्षाच अधिक जड पडते.

उंची दुहेरी केबिनच्या पिकअपबाबत येथेच सावध केले पाहिजे. त्या दिसण्यात मोठ्या व भारदस्त असतात, परंतु त्यांची भारक्षमता साध्या पिकअपच्या निम्म्याहूनही कमी असते. किंमत मात्र दुपटीहून अधिक. ज्याला घरची माणसे आणि थोडा माल दोन्ही न्यावयाचे आहेत, त्याने त्याऐवजी बोलेरो कॅम्परसारखी दोन ओळी आसनांची व सुमारे एक टन भारक्षमतेची गाडी पाहावी. तिच्यात ऐषाराम नाही, पण शेतकऱ्याच्या कामाशी तिचा मेळ अधिक बसतो, असे आमचे मत आहे.

सांगाडा, पाटे आणि चाकोरी

वर सांगितलेल्या सर्व गाड्यांचा पाया शिडीसारख्या लोखंडी सांगाड्याचा आहे. खडबडीत वाटेवर पीळ सहन करण्यास हा सांगाडा चांगला. तथापि बाजारात जीपसारख्या दिसणाऱ्या, पण असा स्वतंत्र सांगाडा नसलेल्या अनेक गाड्या आहेत. डांबरी रस्त्यावर त्या सुखाच्या आहेत. रोज पाणंदीतून जाणाऱ्याने मात्र विक्रेत्यास हा प्रश्न अवश्य विचारावा.

पिकअपच्या मागील आसाखाली पाटे असतात. भार घातला की ते आपले काम नीट करतात. रिकाम्या गाडीत ते ताठ राहून गाडी उडते. रिकाम्या पिकअपचे मागचे अंग हलके असल्यामुळे बाजारातून परत येताना ओल्या रस्त्यावर तिची मागची चाके लवकर घसरतात. ज्या चालकांनी भरलेली पिकअप व्यवस्थित घाट उतरविली, त्यांची गाडी परतीच्या वाटेवर रिकामी असताना घसरते, त्याचे कारण हेच. जीपगाडीत वजन पुढे-मागे अधिक सारखे वाटलेले असते आणि पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा असल्या तर ती अंगालाही मऊ लागते. बाळंतीण किंवा आजारी माणूस न्यावयाचा प्रसंग ज्या घरी वारंवार येतो, त्यांनी ही बाब क्षुल्लक मानू नये.

जमिनीपासूनच्या उंचीचा आकडा पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. थारच्या चारचाकी ओढीच्या नमुन्यास तो २२६ मिलिमीटर आहे. परंतु पाणंदीत गाडी अडते ती बहुधा चाकोरीमुळे. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंस खोल चर पडतात व मध्ये मातीचा उंचवटा राहतो. मागील आसाच्या मध्यावरचा गोळा त्या उंचवट्यावर टेकला की चाके अधांतरी फिरू लागतात. म्हणून टेप घेऊन आपल्या पाणंदीतील उंचवट्याची उंची मोजावी आणि ती आसाच्या गोळ्याखालील उंचीशी ताडून पाहावी. अखंड आसाच्या गाडीत ही उंची टायरवर अवलंबून असते व भार घातल्याने विशेष कमी होत नाही. गाडीचा बाकीचा तळ मात्र भाराने खाली येतो. ट्रॅक्टरची आणि गाडीची चाकोरी सारख्या रुंदीची नसते, हेही ध्यानात असावे. एक चाक चरात आणि एक उंचवट्यावर अशी गाडी तिरपी चालू लागली, तर भरलेली पिकअप कलंडण्याची भीती असते.

चारही चाकांची ओढ

या विषयाबद्दल जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाबद्दलही नसतील. सर्वसाधारण गाडीत दोनच चाके गाडी ओढतात किंवा ढकलतात. चारचाकी ओढीच्या गाडीत एक दांडा किंवा खटका फिरवून चारही चाकांना इंजिनाची शक्ती देता येते, आणि हलका गिअर टाकला की गाडी सावकाश पण जोराने चढते. ज्यांनी ट्रॅक्टरचा डिफरन्शियल लॉक वापरला आहे, त्यांना हे लवकर उमगेल. लॉक लावून ट्रॅक्टर वळवू नये, हे ट्रॅक्टरवाला जाणतो. तद्वत थार, गुरखा, व्ही-क्रॉस, हायलक्स यांसारख्या गाड्यांत चारचाकी ओढ कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवू नये. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात; पकड घट्ट असलेल्या रस्त्यावर हा फरक भरून निघण्यास वाट राहत नाही आणि ताण दंतचक्रांवर येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ही ओढ गाडी चालविण्यास उपयोगी, थांबविण्यास नव्हे. ब्रेक सर्वच गाड्यांना चारही चाकांवर असतात. उतारावर हलक्या गिअरने वेग आवरता येतो हे खरे, परंतु निसरड्या घाटात चारचाकी ओढ आहे म्हणून वेगाने जाणारा चालक स्वतःला फसवतो.

तिसरी गोष्ट मातीची. मराठवाडा, विदर्भ व पश्चिम महाराष्ट्राच्या नदीकाठची भारी काळी माती पाण्याने फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झाला असे समजावे. मग दोन चाके फिरोत की चार, गाडी जागच्या जागी रुतते. सडकेसाठी बनविलेले टायर असलेली चारचाकी ओढीची गाडी अशा मातीत दोन चाकांच्या ओढीच्या गाडीहून थोडीशीच पुढे जाते. कोकणातील जांभ्याच्या चढाची गोष्ट निराळी. तेथे खाली कठीण थर असतो आणि वर सैल खडा. अशा ठिकाणी चारही चाकांची ओढ खरोखर कामास येते. शेतात वाफसा नसताना नांगर घालीत नाहीत, मग गाडी घालण्याची घाई का करावी?

ज्याच्या दारी ट्रॅक्टर आहे त्याने एक हिशेब अवश्य करावा. शेतातून सडकेपर्यंत माल ट्रॉलीने आणावयाचा आणि सडकेवर पिकअपमध्ये भरावयाचा, यास एक हाताळणी वाढते. पण चारचाकी ओढीसाठी मोजावी लागणारी जादा रक्कम, तिची दुरुस्ती आणि जादा डिझेल वाचते. बोलेरो पिकअप आणि योद्धा यांतही चारचाकी ओढीचे नमुने निघाले आहेत. डोंगरी भागात, ट्रॅक्टर नसलेल्या घरी, रोज माल बाहेर काढणाऱ्यास ते घेणे योग्य ठरेल. इतरांनी पाणंदीवर मुरूम टाकण्यास शेजाऱ्यांसह वर्गणी काढली, तर ती रक्कम बहुधा कमीच भरेल.

पुराचे पाणी

थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते असे तिच्या पत्रकात म्हटले आहे. म्हणजे सव्वादोन फुटांस थोडे कमी. हा आकडा इंजिनात पाणी शिरू न देण्याविषयीचा आहे, आणि तो संथ पाण्याला लागू आहे. वाहत्या पाण्याचा नियम वेगळा: सुमारे एक फूट खोल वेगवान पाणी लहान मोटारीस उचलून नेऊ शकते, आणि दोन फूट खोल वेगवान पाणी जीपगाडी व पिकअप यांसह बहुतेक गाड्यांना वाहून नेते. म्हणजे पत्रकात ज्या खोलीपर्यंत जाता येईल असे छापले आहे, त्याच खोलीचे वाहते पाणी गाडीचा घास घेते. फरशी पुलावर पाणी आले असता गाडी महाग आहे म्हणून ती तरून जाईल, असे नाही. पाण्याखालील फरशी जाग्यावर आहे की वाहून गेली, हे तर कोणत्याच गाडीला दिसत नाही. कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ही गोष्ट आकड्यांसह सांगावी.

हौद्यातील माणसे

खुरपणीच्या किंवा कांदा काढणीच्या हंगामात पहाटे पिकअपच्या हौद्यात वीस-पंचवीस मजूर स्त्रिया उभ्या असलेल्या सर्वत्र दिसतात. हा प्रश्न गाडी घेण्यापूर्वीच विचारात घेतला पाहिजे, कारण पुष्कळ शेतकरी पिकअप घेतात तेव्हा ‘माल आणि मजूर दोन्हीची सोय होईल’ असाच हिशेब मनात असतो.

तो हिशेब चुकीचा आहे. हौद्यात आसन नाही, पट्टा नाही, धरावयास फाळक्याखेरीज काही नाही. उभ्या माणसांमुळे गाडीचा भारमध्य वर जातो, आणि क्रेट जसे बांधून ठेवता येतात तशी माणसे बांधता येत नाहीत. वळणावर सर्वजणी एका अंगास झुकतात आणि तेवढ्याने गाडी कलंडू शकते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मालवाहू वाहनाच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी, तसेच वाहनावरील चालक व नोकर यांचा विचार केलेला आहे. परंतु मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. भरपाईची रक्कम मग गाडीच्या मालकाकडून मागितली जाते, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७४ प्रमाणे ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. मजुराच्या घरचा कर्ता माणूस जातो आणि शेतकऱ्याची जमीन जाते, अशी दोन घरे एका वळणावर बुडतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसे नेणाऱ्यांनीही स्वतःस याहून सुरक्षित समजू नये.

ज्यास रोज मजूर आणावयाचे आहेत, त्याने परवानाधारक प्रवासी वाहन ठरवावे, किंवा मजुरांची संख्या थोडी असल्यास सात आसनांच्या जीपगाडीतून दोन खेपा कराव्यात. खर्च वाढतो, हे मान्य. तो मजुरीचाच भाग समजून धरावा.

नोंदणी व कर

साधी पिकअप मालवाहू वाहन म्हणून नोंदली जाते आणि तिला पिवळी पाटी मिळते. तिचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी घ्यावे लागते. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस कायद्याने परवान्याची आवश्यकता नाही. त्यावरील गाडीस आहे. दोन जवळपास सारख्या नमुन्यांत निवड करताना हा तीन हजारांचा आकडा विसरू नये. चालकाच्या लायसनबद्दलची शंका आता मिटली आहे. हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेला इसम ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरविले आहे.

पांढऱ्या पाटीच्या जीपगाडीतून भाडे घेऊन माल किंवा माणसे नेता येत नाहीत. कित्येकजण हप्ता फेडण्यासाठी तसे करतात. अपघात झाला म्हणजे विमा कंपनी हेच कारण पुढे करते. दुहेरी केबिनच्या गाड्यांत काही खासगी म्हणून तर काही मालवाहू म्हणून नोंदल्या जातात. नोंदणी कोणत्या वर्गात होणार हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. चार मीटरपर्यंत लांब आणि १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या प्रवासी गाड्यांनाही १८ टक्के आहे. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. बोलेरो पहिल्या गटात पडते आणि स्कॉर्पिओ दुसऱ्या, हे किमतीतील अंतराचे एक मोठे कारण होय.

खेपांचा हिशेब

समजा, बाजारापर्यंत भाड्याच्या पिकअपची खेप २,००० रुपयांस पडते. स्वतःच्या गाडीस डिझेल व टायरची झीज मिळून खेपेस ६०० रुपये लागतात, आणि कर्जावरील व्याज, घसारा, विमा व योग्यता तपासणी यांचा वार्षिक स्थिर खर्च १,८०,००० रुपये येतो. प्रत्येक खेपेस १,४०० रुपये वाचतात. १,८०,००० ला १,४०० ने भागले असता वर्षास १२९ खेपा झाल्या तरच गाडी आपला खर्च भागविते. साठ खेपा करणाऱ्यास भाड्याचीच गाडी स्वस्त. आकडे ज्याचे त्याने आपल्या भागातील घालावे. रीत हीच ठेवावी.

येथे एक अपवाद मान्य केला पाहिजे. ऐन हंगामात भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, आणि तोडलेला टोमॅटो किंवा आंबा रात्रभर पडून राहिला तर होणारा तोटा या हिशेबात दिसत नाही. असे किती वेळा झाले, याची नोंद वहीत असल्यास ती रक्कम जमेस धरावी. दोघा-तिघा शेजाऱ्यांचे माल एकत्र नेऊन खेपा वाढविता येतात, मात्र त्यांच्याकडून भाडे घ्यावयाचे तर पिवळी पाटीच हवी.

जीपगाडीला असा हिशेब लावता येत नाही. ती घरची सोय आहे, आणि घराच्या खर्चात ती बसत असेल तर घेण्यास कोणाचीच हरकत नाही. तिचा हप्ता पिकाच्या उत्पन्नातून फेडू असे ठरवून कर्ज काढणाऱ्यांनी एवढे पाहावे की, हप्ता दरमहा येतो आणि पीक दरमहा येत नाही. उत्पन्नाच्या हंगामाशी जुळणारे सहामाही हप्ते देणाऱ्या बँकेकडे प्रथम चौकशी करावी.

चाचणी घेताना

विक्रेत्याच्या दुकानापुढील गुळगुळीत रस्त्यावर गाडी चालवून काहीच कळत नाही. शक्य असल्यास गाडी आपल्या गावी आणवून पाणंदीतून न्यावी. पिकअप असेल तर क्रेट किंवा गोणी भरून चढावर एकदा थांबवून पुन्हा उचलून पाहावी, व नंतर तीच रिकामी करून चालवावी. बांधाशी गाडी वळविण्यास किती जागा लागते, हे पावलांनी मोजावे. जवळचे दुरुस्तीचे ठिकाण किती अंतरावर आहे आणि पाटे, क्लच प्लेट व टायर तेथे तयार मिळतात काय, हे त्या गावातील त्याच जातीची गाडी तीन-चार वर्षे वापरणाऱ्यास विचारावे. विक्रेत्यास विचारू नये.